नाटकघरांतले इंग्रजी शब्द

शाळेंत असतांना इंग्रजीच्या तासाला माझी एकदां चांगलीच फजिती झाली. धड्यांतील कोणा एका मुत्सद्द्याला 'लाइमलाइट'मध्यें राहण्याची फार हौस होती. गुरुजींनीं शब्दाचा अर्थ विचारला. 'लाइम' म्हणजे लिंबू आणि 'लाइट' म्हणजे उजेड, एवढें मला ठाऊक होतें. तेव्हां मीं खणखणीत आवाजांत 'लिंबाचा उजेड' असें उत्तर दिलें. वर्ग हंसला, गुरुजीही हंसले, आणि त्यांनीं फळ्यावर लिहून दिलें : लाइमलाइट म्हणजे प्रसिद्धि. मीं तें वहींत उतरून घेतलें, पाठ केलें, परीक्षेंत त्याचे गुणही मिळविले. पण लिंबू कां नव्हे, आणि प्रसिद्धीचा उजेडाशीं संबंध काय, हें मात्र कळावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

'लाइम' ह्या एकाच उच्चाराचे इंग्रजींत दोन निराळे शब्द आहेत. एक लिंबाच्या जातीचें फळ, दुसरा चुना. येथें चुना अभिप्रेत आहे. विजेचे दिवे नव्हते त्या काळीं हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंची पेटती ज्योत चुन्याच्या कांडीवर सोडली कीं, ती तापून डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश देते, असा शोध लागला. १८२० नंतरच्या दशकांत थॉमस ड्रमंड या अधिकाऱ्यानें आयर्लंडच्या मोजणींत दूरच्या टेंकड्यांवरून खूण दिसावी म्हणून त्याचा उपयोग केला, आणि १८३७ सालीं लंडनच्या कव्हेंट गार्डन नाटकगृहांत तो रंगभूमीवर आला. वर उंच जागीं एक माणूस बसे. एका हातानें ती कांडी सारखी फिरवीत राहावयाची, नाहीं तर ज्योतीनें तिला एकाच जागीं खड्डा पडे. आणि दुसऱ्या हातानें मुख्य नट जाईल तिकडे झोत वळवावयाचा. बाकीचे नट अंधुक, हा एक झगझगीत! हें चित्र एकदां डोळ्यांपुढें आलें म्हणजे त्या मुत्सद्द्याची हौस समजते, आणि वही उघडावी लागत नाहीं.

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना असे शेंकडों शब्द कोशांतून सुटे करून दिले जातात. माझ्या मतें तेथेंच घोटाळा होतो. नाटकाचे शब्द कोशांत जन्मले नाहींत. ते लांकडाच्या, विटांच्या, मेणबत्त्यांच्या घरांत जन्मले. घर पडलें, जळलें, पुन्हां बांधलें गेलें, आणि शब्द मागें राहिले. म्हणून आज त्या घरांतूनच आपण एक फेरी मारूं.

प्रथम घराचें नांव. 'थिएटर' हा शब्द मुळांत ग्रीक; पाहण्याची जागा असा त्याचा अर्थ. इंग्रजींत तो पुष्कळ काळ ग्रीक-रोमन लोकांच्या प्राचीन वास्तूंसाठींच येई. इंग्रज लोक आपल्या खेळाच्या घराला साधेपणानें 'प्लेहाउस' म्हणत. १५७६ सालीं जेम्स बर्बेज या सुताराच्या धंद्यांतून नटाच्या धंद्यांत आलेल्या गृहस्थानें लंडन शहराच्या हद्दीबाहेर शोर्डिच येथें एक लांकडी नाटकगृह बांधलें आणि त्याला रुबाबदार नांव दिलें : 'द थिएटर'. आपल्याकडे एखाद्यानें कापडाच्या दुकानाला 'वस्त्रमंदिर' म्हणावें, तसाच हा प्रकार. पण एका घराचें विशेषनाम पुढें साऱ्या नाटकगृहांना चिकटलें. तें घर मात्र टिकलें नाहीं. जमिनीच्या भाडेपट्ट्यावरून तंटा झाला, तेव्हां बर्बेजच्या मुलांनीं १५९८ सालच्या डिसेंबरांत सुतार आणून तें उकललें आणि त्याच लांकडांतून टेम्स नदीच्या पलीकडे १५९९ सालीं 'ग्लोब' उभें केलें. शेक्सपिअरचीं नाटकें तेथें झालीं. १६१३ सालीं आठव्या हेन्रीच्या नाटकांत तोफ उडविली असतां ठिणगी छपराच्या गवतांत गेली आणि ग्लोब जळून गेलें. जीवहानि झाली नाहीं. एकाच्या विजारीनें पेट घेतला, ती त्यानें बाटलींतील बिअरनें विझविली, असें तत्कालीन पत्रांत नमूद आहे. शोर्डिचच्या मूळ घराचा पाया २००८ सालीं जमिनीखालीं सांपडला.

थिएटर ही पाहण्याची जागा; पण तेथें जमलेल्या लोकांना इंग्रजींत म्हणतात 'ऑडिअन्स', आणि त्याचा धातु ऐकण्याचा आहे! त्या काळचा इंग्रज नाटक 'ऐकावयास' जातों असें सहज म्हणे. भर दुपारीं, उघड्या आकाशाखालीं, जवळजवळ पडद्यांवांचून नाटक होई; रात्र, वादळ, रणांगण सारें कानांनींच पाहावयाचें असे. आपल्याकडे नारायणराव बालगंधर्वांचें नाटक ऐकून आलेली पिढी होऊन गेली, तिला यांत नवल वाटलें नसतें. आणि श्रोतेहो, या क्षणीं आपण मला पाहत नाहीं, केवळ ऐकत आहां; तेव्हां नभोवाणीचा श्रोता हाच खरा 'ऑडिअन्स' म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आंत शिरूं. दाराशीं एक पेनी दिली कीं मधल्या अंगणांत उभें राहण्याची परवानगी. आणखी एक पेनी दिली कीं भोंवतालच्या सज्जांत बांक. अंगणांतील लोकांना शेक्सपिअरनें 'ग्राउंडलिंग' म्हटलें. हें मूळ एका लहान माशाचें नांव. तो पाण्याच्या तळाशीं राहतो. रंगमंचावरून खालीं पाहणाऱ्या नटाला ते वर वळलेले, आ वासलेले चेहरे कसे दिसत असतील, तें या एका शब्दांत आलें आहे. मुलांना 'ग्राउंडलिंग म्हणजे हलक्या अभिरुचीचा प्रेक्षक' एवढेंच सांगितलें तर तो मासा हातचा निसटतो.

पैसे मातीच्या गल्ल्यांत जमा होत. अशा गल्ल्यांचीं खापरें लंडनच्या 'रोझ' नाटकगृहाच्या उत्खननांत पुष्कळ सांपडलीं आहेत. यावरून 'बॉक्स ऑफिस' हा शब्द निघाला, म्हणजे गल्ले ठेवण्याची कचेरी, असें मोठ्या आत्मविश्वासानें सांगणारे शिक्षक मीं पाहिले आहेत. कथा गोड आहे, पण खोटी आहे. हा शब्द शंभरांहून अधिक वर्षांनीं, अठराव्या शतकांत आढळूं लागतो. नाटकगृहांत श्रीमंतांसाठीं आडोशाच्या खोल्या असत, त्यांना 'बॉक्स' म्हणत. त्यांचीं तिकिटें जेथें मिळत तें बॉक्स ऑफिस. शब्दांच्या गोष्टी सांगतांना हा मोह नेहमींच आवरावा लागतो.

बॉक्सच्या उलट टोंकाला 'पिट'. हा शब्द कोंबड्यांच्या झुंजीच्या खड्ड्यावरून आला आहे. १६१६ सालीं ड्रूरी लेन येथील अशाच एका झुंजीच्या जागेचें नाटकगृह झालें आणि त्याचें नांवही 'कॉकपिट' असेंच राहिलें. (विमान चालविणारा बसतो तेंही कॉकपिटच.) छपराच्या नाटकगृहांत रंगमंचापुढील खोलगट जागेला पिट म्हणूं लागले, तेथें बांकें आलीं, आणि हळूहळू पिटांतला प्रेक्षक हा नाटकाचा खरा न्यायाधीश होऊन बसला. त्याचा अधिकार किती होता तें १८०९ सालीं दिसलें. कव्हेंट गार्डन आदल्या वर्षीं जळालें होतें. नवीन इमारतीचा खर्च निघावा म्हणून व्यवस्थापक जॉन केंबल यानें पिटाचा दर साडेतीन शिलिंगांवरून चार शिलिंगांवर नेला, आणि वरचा एक मजला धनिकांच्या खासगी बॉक्सना देऊन टाकला. पहिल्याच रात्रीं लोकांनीं मॅक्बेथचा एक शब्द ऐकूं दिला नाहीं. 'जुने दर' या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें 'ओ. पी.' टोप्यांवर मिरवूं लागलीं. शिंगें, घंटा, खुळखुळे घेऊन लोक येत आणि रंगमंचाकडे पाठ करून नाचत. हें एक-दोन दिवस नव्हे, सदुसष्ट रात्रीं चाललें. अखेर केंबलला क्षमा मागावी लागली आणि पिटाचा जुना दर परत आला. पुढें १८८० सालीं हेमार्केट नाटकगृहाच्या चालकांनीं पिटच काढून तेथें महाग खुर्च्या मांडल्या, तेव्हांही पहिल्या रात्रीं दंगा झाला; पण या वेळीं पिटाची हार झाली. त्या महाग जागांना 'स्टॉल्स' म्हणतात. आपल्या विद्यार्थ्याला स्टॉल म्हटलें कीं चहाचें दुकान आठवतें, म्हणून हें मुद्दाम सांगितलें. आपल्याकडे इंग्रजी धर्तीचीं नाटकगृहें झालीं तेव्हां पिट, बॉक्स, विंग, ड्रॉप हे शब्द त्यांच्याबरोबर आले, आणि पिटांतले प्रेक्षक म्हणजे काय चीज असे तें जुन्या मराठी नटांच्या आठवणी वाचल्या कीं कळतें.

आतां रंगमंचाच्या मागें जाऊं. ग्लोबसारख्या घरांत मागल्या बाजूस एक दालन असे, त्याचें नांव 'टायरिंग हाउस'. येथें नट थकून बसत नसत! 'अटायर' म्हणजे पोशाख, त्यांतला हा 'टायर'. पोशाख करण्याची जागा. यापेक्षां मौजेची गोष्ट पुढेंच आहे. ग्रीकांच्या नाटकगृहांत नाचाच्या वर्तुळामागें एक तंबूवजा खोपटें असे. नट त्यांत वेष बदलीत. त्याचें नांव 'स्केने'. पुढें त्या खोपट्याची दर्शनी बाजू हीच राजवाडा किंवा देऊळ म्हणून मानली जाऊं लागली, म्हणून 'सीन' म्हणजे देखावा. देखावा जेथला ती जागा, म्हणून 'सीन' म्हणजे स्थळ. एका स्थळीं घडणारा भाग, म्हणून 'सीन' म्हणजे प्रवेश. आणि चारचौघांत कोणीं आरडाओरडा केला तर त्यानेंही 'सीन' केला. एवढा मोठा पसारा एका कपडे बदलण्याच्या खोपटांतून निघाला. आणि आपला 'नेपथ्य' शब्द पाहा. संस्कृतांत त्याचा अर्थ वेषभूषा असाही आहे आणि पडद्यामागील वेष करण्याची जागा असाही आहे. आज मराठींत आपण नेपथ्य म्हणतों तें देखाव्याला! ग्रीक माणसानें आणि मराठी माणसानें एकमेकांस न विचारतां तोच प्रवास केला. 'सीन' हा शब्द शिकवितांना 'नेपथ्य' शेजारीं ठेवला तर मुलें तो जन्मभर विसरणार नाहींत, असा माझा अनुभव आहे.

या दालनांत आपण थोडें अधिक थांबूं, कारण इंग्रजींतले रोजच्या वापरांतले कांहीं शब्द येथेंच घडले. त्या काळीं नटाला संपूर्ण नाटक कधींच मिळत नसे. हातानें नकला करणें खर्चाचें, आणि पुरी प्रत प्रतिस्पर्धी मंडळीच्या हातीं लागण्याची भीति. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याचीं स्वतःचीं भाषणें उतरवून मिळत. हा त्याचा 'पार्ट', म्हणजे नाटकाचा त्याच्या वाट्याचा तुकडा. कागदाचे पट्टे एकाखालीं एक चिकटवून त्याची गुंडाळी करीत. फ्रेंच भाषेंत अशा गुंडाळीवरून जो शब्द आला तो 'रोल'. आज आपण 'शिक्षकाचा रोल', 'सरकारचा रोल' म्हणतों, त्याच्या मुळाशीं ही कागदाची सुरळी आहे. एडवर्ड ॲलिन या प्रख्यात नटाची, रॉबर्ट ग्रीनच्या एका नाटकांतील ऑर्लँडोच्या भूमिकेची अशी प्रत आजही लंडनमध्यें त्यानेंच १६१९ सालीं स्थापिलेल्या डलिच कॉलेजच्या संग्रहांत आहे.

त्या प्रतींत काय दिसतें? आपलें भाषण, मग एक लांब रेघ, रेघेच्या शेवटीं दुसऱ्या कोणाचे तरी दोन-तीन शब्द, पुन्हां आपलें भाषण. ते दोन-तीन शब्द म्हणजे 'क्यू'. ते कोण उच्चारणार, किती वेळानें उच्चारणार, हें लिहिलेलें नसे. तेव्हां रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाला सगळ्यांचें सगळें बोलणें कान देऊन ऐकावेंच लागे. नाहीं तर त्याचे शब्द निघून जात आणि तो तसाच उभा राही. आठवड्याचे पांच-सहा दिवस, बहुधा रोज वेगळें नाटक, तालमी थोड्या. या परिस्थितींत तीं मोठीं नाटकें उभीं राहिलीं. आज इंग्रज माणूस 'मीं त्याच्यावरून क्यू घेतला' म्हणतो, तेव्हां त्याला 'मीं त्याचें अनुकरण केलें' एवढेंच म्हणावयाचें नसतें; त्यानें खूण दिली आणि मी कामाला लागलों, असेंही म्हणावयाचें असतें. आमच्या पाठ्यपुस्तकी भाषांतरांतून हा सूक्ष्म भेद नाहींसा होतो.

आणि येथेंही आपलें घर फार दूर नाहीं. मराठी नाटक मंडळ्यांत नटाला वाटून दिलेल्या अशा प्रतीला 'नक्कल' म्हणत. 'नक्कल पाठ झाली काय?' हा तालीममास्तरांचा रोजचा प्रश्न. ज्यानें हा शब्द आजोबांच्या तोंडून ऐकला आहे त्याला 'पार्ट' आणि 'क्यू' शिकवावे लागत नाहींत. फक्त ओळख करून द्यावी लागते.

संपूर्ण नाटक एकाच्याच हातीं असे, आणि त्याला म्हणत 'बुक-कीपर'. आज हा शब्द हिशेबनिसाकडे गेला आहे. भिंतीवर आणखी एक कागद पुठ्ठ्यावर डकवून टांगलेला असे. कोणत्या प्रवेशांत कोणीं कोणतें सामान घेऊन जावयाचें याचा तो तक्ता. त्याला 'प्लॉट' म्हणत. आपल्याला प्लॉट म्हणजे पुण्यामुंबईंतील महागडी जमीन ठाऊक आहे. तोही अर्थ बरोबरच आहे : जमिनीचा तुकडा, त्याची आंखणी, मग कोणतीही आंखणी, मग नाटकाचें कथानक, आणि शेवटीं कटकारस्थान. 'रिहर्सल' या शब्दाची तर शेतकऱ्याच्या मुलानें ओळख करून घ्यावी : जुन्या फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ नांगरलेल्या शेतावरून दंताळें पुन्हां फिरविणें असा होता. ढेंकळें फुटेपर्यंत पुन्हां पुन्हां. आपण 'तालीम' म्हणतों. आपण तो शब्द पहिलवानाच्या आखाड्यालाही लावतों. मला दोन्ही आवडतात.

नाटककाराला इंग्रजींत 'प्लेराइट' म्हणतात. निम्मे विद्यार्थी त्याचा शेवट लिहिण्याच्या 'राइट'प्रमाणें लिहितात आणि गुण घालवितात. त्यांचा दोष नाहीं. उच्चार एकच आहे. पण येथला 'राइट' लिहिणारा नव्हे, घडविणारा आहे. गाड्या करणारा कार्टराइट, जहाजें बांधणारा शिपराइट, तसा नाटकें ठोकून तयार करणारा हा. १६१६ सालीं छापलेल्या आपल्या संग्रहांत बेन जॉन्सन यानें हा शब्द हेटाळणीनेंच वापरला आहे. स्वतः जॉन्सन तरुणपणीं विटा रचण्याचें काम करीत असे, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

मग १६४२ सालच्या सप्टेंबरांत यादवी युद्ध पेटलें असतां पार्लमेंटनें नाटकें बंद करण्याचा हुकूम काढला, आणि अठरा वर्षें रंगभूमि कायद्यानें मुकी झाली. ग्लोब पाडून तेथें राहण्याचीं घरें बांधलीं. १६६० सालीं राजा परतला तेव्हां नाटकही परतलें, पण घर बदललेलें होतें. छप्पर आलें, मेणबत्त्या आल्या, चौकट आणि सरकते देखावे आले. आणि स्त्री आली. त्यापूर्वीं तेथेंही स्त्रियांचीं कामें मुलगेच करीत. १६६० सालच्या ८ डिसेंबरला ऑथेल्लो नाटकांत डेस्डिमोनाचें काम एका स्त्रीनें केलें, असें इतिहासांत नमूद आहे. तिचें नांव मात्र नमूद झालेलें नाहीं. १६६२ सालच्या सनदेंत स्त्रियांचीं कामें स्त्रियांनींच करावींत असें स्पष्ट लिहिलें गेलें. 'ॲक्ट्रेस' हा शब्द नटी या अर्थानें त्यानंतरचा. हल्लीं पुष्कळ नट्या 'ॲक्टर' हाच शब्द स्वतःस लावतात. तेव्हां विद्यार्थ्यानें वर्तमानपत्रांत तसें वाचलें तर ती छापण्यांतली चूक समजूं नये.

या नव्या घरांत रंगमंचाची जमीन मागच्या बाजूस चढती करीत, म्हणजे देखावा खोल दिसे. म्हणून प्रेक्षकांपासून दूरची बाजू ती 'अपस्टेज', जवळची ती 'डाउनस्टेज'. आमच्या विद्यार्थ्याच्या डोक्यांत एक तर जिना असतो, नाहीं तर आगगाडी, आणि तो गोंधळतो. एखादा नट मागें चढाकडे सरकला म्हणजे त्याच्याशीं बोलणाऱ्याला प्रेक्षकांकडे पाठ फिरवावी लागते. त्याचा चेहरा दिसत नाहीं, याचा दिसतो. म्हणून दुसऱ्यावर अशी कुरघोडी करण्याला 'अपस्टेज करणें' म्हणतात. कचेऱ्यांतून आणि सभांतून हें रोज चालतें, आणि तेथें तर जमीनही सपाट असते.

एक शब्द राहिला. खेळ रंगला, गाणें आवडलें, पुन्हां हवें, तर इंग्रज प्रेक्षक ओरडतो 'आंकोर'. हा शब्द फ्रेंच. पण पॅरिसचा प्रेक्षक अशा वेळीं तो शब्द वापरीत नाहीं. तो लॅटिन 'बिस' म्हणून ओरडतो. आणि संगीत नाटकाच्या मराठी प्रेक्षकानें या दोघांनाही बाजूस सारून स्वतःचाच इंग्रजी शब्द बनविला : 'वन्स मोअर!' लंडनच्या नाटकगृहांत ती आरोळी दिली तर शेजारचा मान वळवून पाहील. पण कोल्हापूर-सांगलीच्या नाटकगृहांत तिच्यासाठीं एकेक पद चार-चार वेळां म्हटलें गेलें आहे. परीक्षकानें कांहीं म्हणो, मी ती चूक मानीत नाहीं.

घड्याळाचा कांटा आतां माझा क्यू देत आहे, आणि या बंद खोलींत वन्स मोअर ऐकूं येत नाहीं. तेव्हां नमस्कार.